दहा महिन्यांचा बोका पोटऱ्यांना चावतो, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा महिन्यांचा देशी बोका, जेमतेम दीड महिन्याचा असताना सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेला. पुण्यात वन बीएचके, घरात नोकरी करणारं जोडपं आणि सासूबाई. दिवसभर हा झोपतो आणि संध्याकाळी साडेसातच्या पुढे त्याच्या अंगात वारं शिरतं. पॅसेजमधून जाणाऱ्याच्या पोटरीला मिठी मारून चावणं, मागच्या पायांनी खरडणं, पहाटे चारला पांघरुणातल्या अंगठ्यावर उडी. ओरडून झालं, नाकावर टिचकी मारून झाली, पाण्याचा फवाराही मारून झाला. नसबंदी आणि लसी झालेल्या आहेत. विचारलंय असं, की हा स्वभावानेच रागीट आहे का, आणि दुसरं मांजर आणलं तर शांत होईल का.

आधी रागाचं बघू. चिडलेलं किंवा घाबरलेलं मांजर आवाज करतं. फिस्कारतं, गुरगुरतं, कान डोक्याला चिकटवतं, अंग तिरकं करून केस पिंजारतं आणि बहुतेक वेळा सटकायला वाट शोधत असतं. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. तो सोफ्याआड बसतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, ढुंगण दोन-तीनदा हलतं, आवाज न करता येतो, पकडतो, लाथा झाडतो आणि शेपूट उंच करून पळतो. ही शिकारीची कवायत आहे, आणि तुमची पोटरी हा त्या घरातला सगळ्यात चांगला उंदीर आहे. संध्याकाळी घरात दुसरं हलतं काय? टीव्हीवरची माणसं काचेमागे असतात.

एका उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० लागतात. म्हणजे सात-आठ उंदीर, आणि प्रत्येक झडप काही यशस्वी होत नाही, तेव्हा दिवसाकाठी दहा-वीस वेळा तरी टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, पकड, मागच्या पायांचे फटके, मानेचा चावा आणि मग खाणं, एवढं सगळं व्हायला हवं. मांजराचं शरीर या हिशेबाने बांधलेलं आहे. फ्लॅटमध्ये त्याला वाटीत दोनदा खाणं मिळतं आणि बाकी सगळी साखळी वापराविना पडून राहते. ती संध्याकाळी आणि पहाटे बाहेर येते, कारण मांजराची जात मुळात तिन्हीसांजेची आणि झुंजूमुंजूची शिकारी.

चावा इतका जोरात का, याचं कारण त्या पार्किंगमध्ये आहे. पिल्लं चौथ्या आठवड्यापासून एकमेकांशी झोंबायला लागतात आणि साधारण नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान ही मस्ती भरात असते. जोरात चावलं की भावंडं उलट चावतात किंवा खेळ सोडून निघून जातात, आई पंजा मारते. दात किती रुतवायचे आणि नख्या कधी आत घ्यायच्या, हे तिथे कळतं. तुमचा बोका सहाव्या आठवड्यातच एकटा पडला. पुढे घरात, पिल्लू लहान आणि दात दुधाचे म्हणून, सगळ्यांनी बोटं नाचवून खेळवलं असणार. सहा महिन्यांपर्यंत कायमचे दात आले, वजन तिप्पट-चौपट झालं, खेळाचे नियम मात्र तेच राहिले. त्याच्या दृष्टीने तो काहीही नवीन करत नाहीये.

आता तुम्ही केलेले उपाय का फसले ते. "आई गं!" म्हणून किंचाळणं हा पकडलेल्या भक्ष्याचाच आवाज, त्याने मांजर आणखी चेकाळतं. टिचकी मारणारा हात म्हणजे परत हल्ला करणारं खेळणं, नाहीतर भीतीदायक वस्तू. भीतीने चावणारं मांजर खेळात चावणाऱ्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, त्या वाटेला जाऊच नका. फवाऱ्यातून तो फक्त एवढं शिकतो की बाटली हातात असताना गप्प राहायचं. मानगूट धरून उचलणं, बाथरूममध्ये तासभर कोंडणं हेही याच माळेतलं. तासाभराने त्याला आपण कशासाठी आत आहोत हे आठवत नाही, दार लावलं कोणी एवढं मात्र लक्षात राहतं.

चावलेलं असताना काय करायचं हे घरातल्या तिघांनी एकसारखं करायला हवं, म्हणून नीट सांगतो. दात आणि नख्या आतल्या बाजूला वळलेल्या असतात. हात मागे ओढला की त्या गळासारख्या रुततात आणि ओढाओढीत कातडी फाटते. म्हणून हात तिथेच थांबवा, निर्जीव करा, आणि जमलं तर अर्धा इंच त्याच्याच तोंडाकडे सरकवा. भक्ष्य कधी तोंडात शिरत नाही, त्यामुळे तो गोंधळतो आणि पकड ढिली करतो. मग हात काढून घ्या, न बोलता, त्याच्याकडे न बघता खोलीबाहेर जा, दार लावा. अर्धा ते एक मिनिट पुरे. परत आल्यावर समजावणं नाही, कुरवाळणं नाही. पोटरीला लटकला असेल तर खांबासारखे उभे राहा आणि उशी किंवा मोठं मऊ खेळणं त्याच्या छातीशी दाबून मध्ये घाला. त्याला लाथा मारायला काहीतरी हवंच असतं, ते मिळालं की पाय सुटतो. हे दोन-तीन आठवडे घरात जाड जीन्स आणि मोजे वापरा. पायजम्याची लोंबती नाडी, ओढणी, सासूबाईंच्या पदराचं टोक ही सगळी आमंत्रणं आहेत. पदर खोचून घेतला तरी अर्धे हल्ले कमी होतात.

पहिल्या आठवड्यात हल्ले वाढतील. जे पूर्वी हमखास मिळायचं ते मिळेनासं झालं की प्राणी आधी जोर लावून बघतो. याच आठवड्यात एकाने जरी वैतागून पायाने ढकललं, तर खेळ पुन्हा सुरू झाला असा त्याचा अर्थ होतो आणि मोजणी शून्यापासून.

हे सगळं झालं न करण्याचं. निम्म्याहून जास्त काम करण्याचं आहे आणि त्यासाठी एक काठी लागते.

काठी ९० सेंटिमीटरच्या आसपास, बांबूची किंवा पडद्याची जुनी, टोक बोथट. तिला मीटरभर जाडसर दोरी, दोरीच्या टोकाला चामड्याचा किंवा जाड कापडाचा बोटभर लांब तुकडा किंवा घट्ट बांधलेलं पीस. काठीमुळे तुमचा हात आणि शिकार यांत दीड-दोन मीटर अंतर पडतं, खरी किमया तीच. छोटे चेंडू आणि कापडी उंदीर चालतात, पण ते तुम्हीच हलवल्याशिवाय मेलेलेच असतात. मेलेल्या उंदराशी कोण खेळणार?

बहुतेक घरांत काठी चुकीची हलवली जाते. खोलीच्या मध्ये उभं राहून पीस गोल गोल फिरवतात, मांजर दहा मिनिटं चकरा मारतं, धापा टाकतं, आणि नंतर आणखी पिसाळतं. कारण पाठलाग झाला, बाकीचं काहीच झालं नाही. दुसरी चूक म्हणजे खेळणं त्याच्या नाकासमोर नाचवणं. जगातला कुठलाही उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत नाही.

असं करून बघा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, एका बाजूची घडी थोडी उचललेली ठेवा. दोरीचं टोक बोक्यापासून दोन मीटरवर, भिंतीच्या कडेने, हातभर सरकवा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आता टोक नुसतं थरथरू दे, एखाद-दोन सेंटिमीटर. बोक्याचे कान पुढे येतील, डोकं खाली जाईल. मग टोक हळूच सतरंजीच्या घडीखाली घ्या, जेणेकरून दिसणार नाही पण खसखस ऐकू येईल. बरेचदा झडप इथेच पडते, शिकार नाहीशी होत असताना. तो नुसता बसून टक लावून बघत असेल तर "हा खेळतच नाही" म्हणून काठी ठेवू नका. टक लावणं हाच खेळाचा निम्मा भाग आहे, आणि डोक्याला दमवणारा भाग तोच. दोन-तीन झडपा चुकू द्या, चौथी लागू द्या. लागली की दोरी सैल सोडा. ओढायचं नाही. त्याला चावू दे, कुशीवर पडून लाथा मारू दे, दहा-वीस सेकंद. पकड सैल झाली की शिकार हळूच जिवंत होऊन पुन्हा पळते.

पक्ष्यासारखं खेळवायचं असेल तर पीस जमिनीवर उतरवा, दोन टुणटुण उड्या, थोडं वर, पुन्हा खाली. दोन फुटांपेक्षा उंच नको. व्हिट्रिफाइड फरशीवर हवेत गिरकी घेऊन पडणाऱ्या मांजराचे पाय घसरतात आणि गुडघा दुखावतो, म्हणून ती सतरंजी.

एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. मधेच कंटाळलेला वाटला तर पाच मिनिटांनी टोकाचा तुकडा बदला: चामड्याऐवजी पीस, पिसाऐवजी कागदाची गुंडाळी. मांजर कंटाळतं ते त्या एका वस्तूला, शिकारीला नाही, आणि बदललेल्या वस्तूवर पहिल्यापेक्षाही जोरात येतं. शेवटची तीन-चार मिनिटं शिकार दमवत न्या, पळ कमी, थांबणं जास्त, शेवटी एक पक्की पकड. त्या पकडीनंतर लगेच खाणं. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, हा क्रम त्याच्या हाडीमासी आहे. खेळ संपवून तुम्ही काठी कपाटात टाकली आणि वाटी रिकामीच राहिली, तर तो साखळीतली पुढची कडी शोधत तुमच्या मागे स्वयंपाकघरात येतो. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागला तर तिथेच थांबा. कुत्र्याला ते साहजिक, मांजराला नाही. थोडक्या खेळातही पुन्हा पुन्हा तसं झालं तर छाती-हृदय तपासून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारचा खेळ नकोच.

वेळा महत्त्वाच्या. सकाळी कामावर निघण्यापूर्वी एक, रात्री झोपण्याआधी साडेदहाच्या सुमारास एक, आणि मधली संध्याकाळी सातला. साडेसातला नाही. अंगात वारं शिरण्याच्या आधी अर्धा तास काठी निघाली पाहिजे. एकदा तो पोटऱ्यांमागे लागल्यावर काठी काढली, तर चावल्याचं बक्षीस म्हणून काठी मिळते असं गणित त्याच्या डोक्यात बसतं. सातला दोघंही घरी पोहोचत नसाल तर ही पाळी सासूबाईंनी खुर्चीत बसून करावी. काठी लांब असली की जमतं.

खेळ आणि शिकार एकाच नळाचं पाणी आहे हे मोजूनही पाहिलेलं आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाहेर हिंडणाऱ्या पाळीव मांजरांशी मालकांनी रोज ५ ते १० मिनिटं असा शिकारीचा खेळ खेळल्यावर त्यांनी घरी आणलेल्या शिकारी २५ टक्क्यांनी घटल्या, आणि मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने ३६ टक्क्यांनी. तुमच्या घरात शिकार म्हणजे पोटरी, एवढाच फरक.

लेझरचा लाल ठिपका बरेच जण सुचवतील. पळवायला छान, पण त्यात पकडण्यासारखं काही नाही. काही मांजरं नंतर तासन्‌तास भिंतीवरच्या कवडशांमागे लागतात. अशा झिंगणाऱ्या बोक्याला तर मी तो देणारच नाही.

लाथा मारायचं खेळणं घरीच करा. जुन्या जीन्सचा पाय ३० सेंटिमीटर कापा, रुंदी शिवून आठ-दहा सेंटिमीटर करा, आत जुन्या चिंध्या गच्च भरा, दोन्ही तोंडं दुहेरी टाक्याने बंद. बटण, मणी, लेस काही नको. लांबी महत्त्वाची आहे: पुढच्या पायांनी कवटाळून मागचे पाय पोहोचले पाहिजेत. लहान कापडी उंदराला कवटाळून लाथा मारता येत नाहीत, म्हणून तो तुमचा हात निवडतो. अशी दोन करा, एक सोफ्याशी, एक पॅसेजच्या तोंडाशी. कॅटनिप या वनस्पतीची पूड टाकली तर तीन मांजरांपैकी साधारण दोघांना नशा येते, ती आनुवंशिक असते; पण काही बोके त्याने आणखी दांडगाई करतात, म्हणून आधी चिमूटभर टाकून बघा. आपल्याकडे कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली उपटली की तिच्या मुळांवरही मांजरं अशीच लोळतात.

दोऱ्यांबद्दल मात्र कडक राहा. खेळ संपला की काठी कपाटात, दार बंद. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की त्याला बाहेर टाकता येत नाही, तो गिळलाच जातो. आतड्यात तो ताणला जाऊन आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं. मांजा, लोकर, रबरबँड, राखीचा गोंडा, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या मखराच्या चमकत्या झिरमिळ्या: सगळं एकाच यादीतलं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

खाण्याची वाटी हा दुसरा वाया जाणारा उद्योग. साधारण चार किलोच्या घरातल्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम लागतं. पाकिटावरचा आकडा बघा, कारण कॅलरी कंपनीगणिक बदलतात. ते सकाळी वजनकाट्यावर मोजून डब्यात काढा आणि दिवसभरात जे जे द्याल ते त्या डब्यातूनच. तीन खेळांनंतर प्रत्येकी १२-१५ ग्रॅम, उरलेलं कष्ट करून मिळवायला. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, दहा-बारा खळग्यांत चार-चार दाणे टाका, काहींवर कागदाचे बोळे. तुम्ही कामावर गेलात की त्याचा पाऊण तास तरी जातो. पुढची पायरी अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली: दाण्याच्या दीडपट आकाराची पाच-सहा भोकं तापलेल्या सळईने पाडायची, कडा घासायच्या, आत २० ग्रॅम. पहिल्या दिवशी भोकं मोठी असू द्या. लोक पहिल्याच दिवशी कठीण काम देतात, मांजर नाद सोडतं आणि मग "आमच्याकडे नाही चाललं" म्हणतात. घरचं चिकन देत असाल तर चार छोट्या वाट्या चार जागी, त्यांतली एक फ्रिजवर.

पॅसेजमधल्या हल्ल्यांचा बंदोबस्त सोपा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आठवडाभर प्रत्येक चाव्याची वेळ आणि जागा लिहा. दोन किंवा तीनच दबा धरायच्या जागा निघतील; सोफ्याखाली आणि बेडरूमच्या दाराआड या जवळपास नक्की. सोफ्याखालची फट पुठ्ठ्याने बंद करा. दाराजवळ जाण्याआधी खिशातला पिंगपाँगचा चेंडू पुढे घरंगळत सोडा. तो चेंडूवर जाईल, तुम्ही निघून जा. चावल्यानंतर चेंडू टाकायचा नाही, आधीच टाकायचा.

पहाटे चारच्या उडीला दोन बाजू आहेत. शरीराचं घड्याळ ही एक, आणि चारला उठून तुम्ही काहीतरी करता ही दुसरी. शिवी दिली, दिवा लावला, वाटीत चार दाणे टाकले, सगळी बक्षिसंच. रात्री साडेदहाचा खेळ आणि त्यानंतर दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण ठेवा. त्याआधी आठ ते दहा त्याला सोफ्यावर गाढ झोपू देऊ नका, अधूनमधून दाण्यांची बाटली फिरवा. पायांवर जाड गोधडी. जमल्यास वेळ लावता येणारं खाण्याचं यंत्र पावणेचारला लावा, म्हणजे तो तुमच्याऐवजी यंत्राची वाट बघतो. मग दर तीन दिवसांनी ते पंधरा मिनिटं पुढे सरकवत सहापर्यंत न्या. बेडरूमचं दार बंद करणार असाल तर तो दोन आठवडे ओरबाडेल. नऊ रात्री कळ काढून दहाव्या रात्री दार उघडलंत तर त्याला धडा मिळतो तो दहा रात्री ओरबाडण्याचा. तेवढी चिकाटी नसेल तर बंदच करू नका.

चढायला आणि ओरबाडायला जागा वन बीएचकेतही होते. कपाटाच्या माथ्यापर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर खोल फळ्या, एकीपासून दुसरी ४० सेंटिमीटर उंच, वर रबरी मॅट. ओरबाडायच्या खांबासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ९० सेंटिमीटर कापून घ्या. तळाला १८ मिलिमीटर प्लायचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर पाइपच्या आत घट्ट बसेल अशी लाकडी चकती स्क्रूने मारायची, पाइप तिच्यावर बसवून बाजूने चार स्क्रू. पाइपमध्ये तळापासून ३० सेंटिमीटर वाळू भरली की चारेक किलो वजन येतं. हे वजन टाळू नका, एकदा डगमगलेल्या खांबाला मांजर पुन्हा तोंड लावत नाही. दोरी तागाची किंवा काथ्याची, ८ मिलिमीटर. ७५ सेंटिमीटर उंची गुंडाळायला सुमारे ३५ मीटर लागते, ४० घ्या. फेविकॉल पीव्हीसीला धरत नाही, म्हणून आधी गोणपाटाचा एक वेढा तारेने आवळून घ्या आणि दोरी त्याच्यावर चिकटवा. तारेची टोकं दोरीखाली दाबा. तागाला तेलाचा वास असतो, दोरी धुऊन दोन दिवस उन्हात टाकलेली बरी. खांब बाल्कनीच्या कोपऱ्यात नको, तो झोपून उठतो त्या जागेजवळ हवा. खिडक्यांना कबुतरांची नायलॉन जाळी असेल तर ती असा बोका दातांनी कुरतडून भोक पाडू शकतो. बारीक स्टीलची जाळी लावा.

नख्या दोन-तीन आठवड्यांनी कापा. पारदर्शक टोकच कापायचं, आतल्या गुलाबी भागापासून दोन मिलिमीटर लांब राहून. एका बैठकीत दोन नख्या झाल्या तरी चालेल. कायमच्या नख्या काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल कुणी बोललं तर लक्षात ठेवा, त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड छाटतात.

दोन वेगळे चावे यात मिसळू नका. मांडीवर बसून लाड करून घेताना अचानक चावणं हा खेळ नाही. शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले की हात आधीच काढायचा होता. आणि खिडकीबाहेर परका बोका दिसल्यावर घरातल्यावर तुटून पडणं हा खरा राग आहे, फक्त पत्ता चुकलेला. तेव्हा जवळ जाऊ नका, दिवा घालवा, दार लावा, काही तास एकटं सोडा. एखाद्याला पूर्ण दिवस लागतो. खिडकीच्या खालच्या भागाला दूधकाची कागद लावा.

वागणं एकाएकी बदललं, एका ठरावीक जागी हात लावला की चावतो, उडी मारायचं टाळतो, असं असेल तर आधी पशुवैद्य. वेदना लपवणं मांजरांना फार छान जमतं. दहा वर्षांपुढच्या मांजरात अचानक चपळाई, प्रचंड भूक आणि तरीही उतरणारं वजन दिसलं तर थायरॉईडची तपासणी करायला हवी.

रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून टिकली एवढं भोक आणि जंतू खोलवर. बारा ते चोवीस तासांत सूज, ठणका येऊ शकतो. बोटाच्या सांध्यावर किंवा मनगटावर चावा असेल, किंवा चावलेल्या माणसाला मधुमेह असेल, तर सूज येण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजचा निर्णय त्यांनी करायचा. बोक्याच्या लसीचं कार्ड सोबत न्या. माणसाला रेबीजची कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात, दंडातली ०, ३, ७, १४ आणि २८ व्या. रक्त निघालेल्या चाव्याला जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हेही तिथेच विचारून घ्या. "घरचाच आहे" हा वैद्यकीय निकष नाही.

राहिलं दुसरं मांजर. याच्या वयाचा, नसबंदी झालेला, दुसऱ्या मांजरांत वाढलेला आणि तितकाच मस्तीखोर बोका असेल तर उपयोग होतो. दोघं एकमेकांवर दमतात, आणि चावा किती जोरात चालतो हे राहिलेलं शिक्षण तो दुसरा देतो. आठ वर्षांची शांत भाटी आणलीत तर तिचे हाल होतील. दीड महिन्याचं पिल्लू आणलंत तर ते त्याचं खेळणं होईल. बंगाल जातीचं तर या घरात आणूच नका. रानातल्या वाघाटीशी (लेपर्ड कॅट) संकर करून तयार केलेली ही जात तुमच्या बोक्याहून दुप्पट काम मागते.

शिवाय ओळख करून द्यायला वेळ लागतो: नवा आठ-दहा दिवस बंद बेडरूममध्ये, आधी पांघरुणांची अदलाबदल, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग फटीतून दर्शन, मग काठीच्या खेळात पाच-पाच मिनिटं एकत्र. वाळूच्या पेट्या तीन. वन बीएचकेत तीन पेट्या कुठे ठेवणार हे आधी टेप घेऊन मोजा. झोंबी सुरू झाल्यावर आवाजाकडे लक्ष द्या. आळीपाळीने वर-खाली होत असतील, मधे थांबत असतील आणि जवळजवळ मुके असतील तर खेळ चालला आहे. एकच कायम खाली, फिस्कारणं, केसांचे पुंजके उडणं असं दिसलं तर मध्ये पुठ्ठा घाला, हात नाही.

मी असतो तर आधी सहा आठवडे काठी, ट्रे आणि कालनिर्णयवरच्या नोंदी एवढंच केलं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून चाव्यांची संख्या खाली यायला हवी, आणि त्याआधी त्यांचा जोर. चामडीवर दात टेकले पण रुतले नाहीत, अशा चाव्याला नोंदीत वेगळी खूण करा. सहा आठवड्यांनीही दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तर हल्ल्याच्या आधीच्या दोन मिनिटांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो घेऊनच पशुवैद्याकडे जा. दवाखान्याच्या टेबलावर तो बोका मुळीच हलणार नाही.